पारसिकच्या डोंगराचं तोंड कुठे आहे?

तुमचा प्रश्न आधी माझ्या शब्दांत मांडतो. तुम्ही घणसोलीला राहता. आठवीतल्या लेकीला शाळेत शिकवलं की महाराष्ट्राची जमीन ज्वालामुखीच्या लाव्ह्यातून झाली आहे. घरी येऊन तिने गॅलरीतून पारसिकच्या डोंगराकडे बोट दाखवलं आणि विचारलं, "बाबा, मग हा ज्वालामुखी आहे का? आणि असेल तर याचं तोंड कुठे आहे?" त्यात आजींनी वज्रेश्वरीच्या गरम कुंडांची आठवण काढली. नोव्हेंबर २०२५ मध्ये इथिओपियातल्या ज्वालामुखीची राख भारतावर येऊन विमानं रद्द झाली होती, तेही तुमच्या डोक्यात होतं. आणि नेमके तुम्ही डोंगराच्या पायथ्याशी फ्लॅट बघताय. म्हणून विचारताय, हे पुन्हा फुटू शकतं का?

मी भूशास्त्राचा माणूस. गेली सव्वीस वर्षं ठाणे, नवी मुंबई, पनवेल या पट्ट्यात इमारतींचे पाये, पूल आणि बोगदे यांच्यासाठी जमिनीखालचा खडक तपासतोय. बोअर मारून दगडाच्या गोल कांड्या बाहेर काढायच्या, पेटीत ओळीने लावायच्या, पाणी मारून धुवायच्या आणि वाचायच्या, हे माझं रोजचं काम. तुम्हाला आधी सरळ उत्तर देऊन टाकतो. पारसिकचा दगड लाव्ह्याचाच आहे. पारसिकचा डोंगर मात्र ज्वालामुखी नाही. तो पुन्हा फुटेल याची भीती मनातून काढून टाका. फ्लॅटचं काय, ते जागेवर अवलंबून आहे आणि त्याचा ज्वालामुखीशी संबंध वेगळ्याच वाटेने येतो. त्याबद्दल शेवटी लिहितो.

मुलीचा गोंधळ होतो तो पुस्तकातल्या चित्रामुळे. ज्वालामुखी म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढे जपानचा फुजी उभा राहतो. निमुळता शंकू, वर खळगा, त्यातून धूर. मग साहजिकच प्रत्येक टोकदार डोंगर संशयित वाटतो. पण ज्वालामुखी म्हणजे मुळात वाट. जमिनीखाली वितळलेला खडक, म्हणजे शिलारस, जिथून बाहेर पडतो ती वाट. तिच्याभोवती डोंगर उभा राहील की नाही, राहिला तर कोणत्या आकाराचा, हे त्या रसाच्या दाटपणावर आणि त्यात कोंडलेल्या वायूवर ठरतं. एवढं एक सूत्र हातात धरलं की बाकीचं आपोआप उलगडत जातं.

सुरुवात शिलारसापासून करू. जमिनीखाली सगळीकडे वितळलेल्या दगडाचा समुद्र उसळतोय ही समजूत चुकीची आहे. आपल्या पायाखालचं भूकवच आणि त्याच्या खालचं जवळजवळ २,९०० किलोमीटरपर्यंतचं प्रावरण हे घन आहे. भूकंपाच्या ज्या लहरी द्रवातून जाऊच शकत नाहीत, त्या प्रावरणातून व्यवस्थित जातात. त्यावरूनच हे कळलं. तिथे उष्णता प्रचंड असते, पण वरचा दाबही तितकाच असतो आणि तो दाब खडकाला वितळू देत नाही. कुकरमध्ये पाणी शंभर अंशांच्या वर जाऊनही खळाखळा उकळत नाही, कारण आत दाब आहे. दाब एकदम सोडला तर तेच पाणी उसळून वर येतं. प्रावरणातला तापलेला खडक अतिशय सावकाश वर सरकायला लागला की त्याच्यावरचा दाब कमी होतो आणि बाहेरून जास्तीची उष्णता न मिळताही त्याचा काही भाग वितळतो. समुद्राच्या तळाशी जिथे दोन भूपट्टे, म्हणजे पृथ्वीच्या वरच्या घट्ट थराचे प्रचंड तुकडे, एकमेकांपासून दूर जातात तिथे हे सतत चालू असतं. पृथ्वीवरचा सर्वांत जास्त लाव्हा तिथेच, पाण्याखाली, कुणाच्या नजरेस न पडता बाहेर येतो.

दुसरी तऱ्हा पाण्याची. एक भूपट्ट दुसऱ्याखाली घुसतो तेव्हा समुद्रतळाचं पाणी खनिजांमध्ये अडकून त्याच्याबरोबर खोल जातं. तिथे ते सुटतं आणि वरच्या गरम खडकात शिरतं. पाणी मिळालं की खडक कमी तापमानाला वितळतो. काच करताना वाळूत सोडा घालतात ना, वाळू लवकर वितळावी म्हणून, तसंच काहीसं. जपान, इंडोनेशिया, फिलिपिन्स, अँडीज पर्वत, आणि आपल्या अंदमानातलं बॅरन बेटसुद्धा, सगळे याच घराण्यातले. तिसरी तऱ्हा म्हणजे खोलातून वर चढणारा नेहमीपेक्षा जास्त तापलेला खडकाचा स्तंभ. हवाई बेटं त्यातून झाली. आपल्या दख्खनच्या लाव्ह्याचं मूळही बहुतेक शास्त्रज्ञ तिथेच शोधतात.

आता दाटपणाचं बघा. घरी कढी उकळते आणि पिठलंही उकळतं. कढीतले बुडबुडे वर येतात, फुटतात, संपलं. पिठलं रटरटायला लागलं की मात्र आपण चार पावलं मागे सरकतो, कारण दाट पिठल्यात वाफ अडकते, जोर धरते आणि फट्कन फुटून हातावर चटका देते. ज्वालामुखींतला सगळ्यात मोठा फरक एवढाच आहे. शिलारसात सिलिका, म्हणजे वाळूतलं मुख्य द्रव्य, जितकी जास्त तितका तो दाट. आपल्या काळ्या दगडात, म्हणजे बेसाल्टमध्ये, सिलिका ५० टक्क्यांच्या आसपास असते. तो ११०० ते १२०० अंश सेल्सिअसला बाहेर पडतो आणि कढीसारखा वाहतो. सिलिका ७० टक्क्यांवर गेली की रायोलाइटचा रस होतो. तो त्यामानाने थंड, ७०० ते ९०० अंशांचा, आणि इतका दाट की जागचा हलता हलत नाही. रसात पाण्याची वाफ, कार्बन डायऑक्साइड, सल्फर डायऑक्साइड हे वायू दाबाखाली विरघळलेले असतात. रस वर येतो, दाब उतरतो, वायू सुटे होऊन फुगतात. पातळ रसातून ते निसटतात. दाट रसात अडकतात, रसाचा फेस होतो आणि शेवटी त्या फेसाच्याच चिंधड्या होऊन आकाशात जातात. त्यालाच आपण ज्वालामुखीची राख म्हणतो. ही राख जळलेल्या लाकडासारखी नसते. ते काचेचे आणि दगडाचे बारीक, धारदार कण असतात. विमानाच्या इंजिनात ते वितळतात आणि आत चिकटून बसतात, म्हणून विमानं थांबवावी लागतात. टाचा घासायला जो हलका, पाण्यावर तरंगणारा दगड मिळतो, तो म्हणजे हाच फेस थिजलेला.

एवढं समजलं की प्रकार पाठ करावे लागत नाहीत. पातळ लाव्हा दूरवर पसरतो, म्हणून त्याचा डोंगर ढालीसारखा पसरट होतो. हवाईचा मौना लोआ समुद्रसपाटीपासून ४,१६९ मीटर उंच आहे, पण त्याचा उतार इतका मंद की चढताना डोंगर जाणवत नाही. वायूच्या जोराने उडालेले लाव्ह्याचे तुकडे तोंडाभोवतीच पडत राहिले तर खडीच्या ढिगासारखा छोटा शंकू होतो. मेक्सिकोत फेब्रुवारी १९४३ मध्ये एका शेतकऱ्याच्या मक्याच्या शेतात भेग पडली आणि वर्षभरात तिथे तीनशे मीटरहून उंच टेकडी उभी राहिली. ती पारिकुतिन. १९५२ मध्ये उद्रेक थांबला. दाटसर लाव्हा आणि राख यांचे थर आलटून पालटून बसले की फुजी किंवा फिलिपिन्सच्या मायोनसारखा देखणा शंकू तयार होतो. देखणे ते सगळे याच जातीचे आणि धोकादायकही तेच. आणि कधी इतका रस एका दमात बाहेर पडतो की खालची पोकळी कोसळून वरचा डोंगरच आत बसतो आणि प्रचंड कुंड उरतं. इंडोनेशियातलं तोबा सरोवर हे साधारण ७४ हजार वर्षांपूर्वीचं असंच कुंड. तोबाची राख भारतभर सापडते. आपल्या पुणे जिल्ह्यात कुकडी नदीच्या काठी बोरी गावात राखेचा थर उघडा दिसतो. तोबाच्या नेमक्या कोणत्या उद्रेकाचा, यावर अभ्यासकांत बरीच वर्षं वाद आहे.

इथे एक सावधगिरी. प्रकारावरून उद्रेक कसा होईल हे ठामपणे सांगता येत नाही. इथिओपियातला हायली गुब्बी हा ढालीच्या जातीचा. नियमाने त्याने शांतपणे लाव्हा सोडायला हवा होता. त्याने राखेचा लोट दहा किलोमीटरहून उंच फेकला आणि तिथल्या वाऱ्याने तो अरबी समुद्र ओलांडून आपल्याकडे आणला. एकाच ज्वालामुखीचा रस काळानुसार बदलतो. शिवाय वरून पाणी मिळालं तर सगळंच गणित फिरतं. तापलेल्या तव्यावर पाण्याचा शिपका मारल्यावर काय होतं ते आठवा आणि ते समुद्राच्या पाण्याने झालं तर, असा विचार करा. जानेवारी २०२२ मध्ये टोंगाजवळच्या समुद्रात झालेल्या स्फोटाचे हवेतले दाबतरंग साऱ्या पृथ्वीला वळसा घालून गेले.

बातम्यांमध्ये लाव्ह्याची लाल नदी दाखवतात, पण माणसं लाव्ह्याने फार कमी मरतात. त्याच्यापुढून बहुधा चालत सुटता येतं. मारतात त्या दोन गोष्टी. पहिली म्हणजे तापलेली राख, वायू आणि दगड यांचा डोंगरउतारावरून जमिनीलगत धावत येणारा लोट. त्याचा वेग ताशी शंभर किलोमीटरच्या वर जातो आणि तापमान कित्येकशे अंश असतं. १९०२ मध्ये कॅरिबियन समुद्रातल्या माँ पेले ज्वालामुखीच्या अशा लोटाने सेंट पिएर हे शहर काही मिनिटांत संपवलं, सुमारे २८ हजार माणसांसह. दुसरी गोष्ट चिखल. नोव्हेंबर १९८५ मध्ये कोलंबियात नेवादो देल रुईझचा उद्रेक तसा छोटाच होता, पण त्याने माथ्यावरचं बर्फ वितळवलं. त्या पाण्यात राख मिसळून चिखलाचा लोंढा नदीच्या पात्राने निघाला आणि दोन-अडीच तासांनी, रात्रीच्या वेळी, आर्मेरो गावावर आला. २० हजारांहून जास्त माणसं गेली. धोक्याचा नकाशा तयार होता. वेळही हातात होता. गाव हलवलं गेलं नाही. कागदावर काम करणाऱ्या माझ्यासारख्या माणसाला ही घटना कायम टोचत राहते. मी लिहिलेला अहवाल ज्याच्या हातात पडायला हवा त्याच्या हातात पडला का, हे विचारायची सवय मला आर्मेरोने लावली. याच्या उलट पिनातुबो. फिलिपिन्समधला हा डोंगर सुमारे ५०० वर्षं झोपलेला. १९९१ च्या एप्रिलमध्ये छोटे धक्के आणि वाफा सुरू झाल्या, शास्त्रज्ञांनी भूकंपमापक लावले, वायू मोजले आणि हजारो लोकांना वेळेत हलवलं. १५ जूनला त्या शतकातल्या सर्वांत मोठ्या उद्रेकांपैकी एक झाला. शिलारस वर चढताना खडक फोडतो, जमीन फुगवतो, वायू आधी पाठवतो. म्हणजे ज्वालामुखी बहुतेक वेळा निरोप देऊन येतो. तो ऐकणारं माणूस जागेवर हवं.

आता आपल्या घरी येऊ. लेकीचा प्रश्न होता, तोंड कुठे? वर सांगितलेल्या कोणत्याच प्रकारात दख्खन बसत नाही. आपला ज्वालामुखी भेगी. जमिनीला लांबच लांब भेगा पडल्या आणि त्यांतून पातळ बेसाल्ट अक्षरशः उतू गेला. माणसांनी पाहिलेलं असं एक मोठं उदाहरण, आइसलँडचं लाकी. १७८३ मध्ये २५ किलोमीटरहून लांब भेगेतून आठ महिने लाव्हा वाहिला, एकूण सुमारे १४ घन किलोमीटर. त्यातून निघालेल्या विषारी वायूंनी कुरणं आणि गुरं गेली आणि मागून आलेल्या दुष्काळात आइसलँडची साधारण पाचवा हिस्सा लोकसंख्या संपली. लाकी आपल्यापुढे अगदीच लहान. दख्खनचा लाव्हा आज झिजून उरला आहे तोच सुमारे ५ लाख चौरस किलोमीटरवर आहे. सह्याद्रीत त्याची जाडी दोन किलोमीटरच्या आसपास भरते. हे घडलं साधारण ६.६ कोटी वर्षांपूर्वी आणि त्यातला बहुतेक लाव्हा साधारण दहा लाख वर्षांच्या काळात बाहेर पडला.

इतका पातळ लाव्हा लगेच थिजत कसा नाही, हे मला विद्यार्थी असताना कोडं वाटायचं. उत्तर दुधाच्या सायीत आहे. वर साय धरली की खालचं दूध बराच वेळ गरम राहतं. लाव्ह्यावर वरच्यावर दगडाची साय धरते आणि तिच्याखालून रस वाहतच राहतो, सायीला उचलत, फुगवत. पश्चिम घाटातले काही प्रवाह आंध्रातल्या राजमुंद्रीपर्यंत, म्हणजे जवळजवळ हजार किलोमीटर, गेलेले आहेत.

आणि त्या भेगा? उद्रेक थांबल्यावर आतला रस तिथेच थिजला. आजूबाजूचा दगड झिजल्यावर त्या भेगा आज दगडी भिंतींसारख्या उभ्या दिसतात. त्यांना आम्ही डाइक म्हणतो. मुरुड-जंजिऱ्याकडे ओहोटीच्या वेळी किनाऱ्यावर गेलात तर खडकातून सरळ रेषेत धावणाऱ्या अशा काळ्या भिंती दिसतील. म्हणून लेकीला सांगा, आपल्या ज्वालामुखीची तोंडं आहेत, पण ती वर बघून सापडत नाहीत. पायाखाली बघावं लागतं, आणि ती दगडाने बुजलेली आहेत.

मग पारसिक डोंगर कसा झाला? आधी लाव्ह्याचे थर एकावर एक आडवे बसले. पुढे पाण्याने मधला मधला दगड खाऊन नेला आणि जे उरलं त्याला आपण डोंगर म्हणतो. मुंब्रा स्टेशनच्या फलाटावरून एकदा मुंब्रादेवीच्या डोंगराकडे बघा. उभा कडा, मग गवताची उतरण, मग पुन्हा कडा. कडा म्हणजे एका लाव्हा-प्रवाहाचा मधला घट्ट भाग. उतरण म्हणजे त्याचा वरचा, वायूच्या बुडबुड्यांनी पोकळ झालेला भाग, जो लवकर झिजतो. इंग्रजांनी या खडकाला 'ट्रॅप' नाव दिलं ते स्वीडिश भाषेतल्या पायरीच्या शब्दावरून. आषाढात जिथे जिथे ओळीने छोटे धबधबे फुटतात, त्या ओळी मोजल्या तर किती प्रवाह आहेत याचा कच्चा हिशोब लागतो. खारघरचा पांडवकडाही अशाच घट्ट थरावरून पडतो.

हेच मी पेटीत वाचतो. मागे घोडबंदर रोडच्या एका साइटवर बोअर चालू होतं. वर भराव, मग मुरूम, मग खणखणीत काळा दगड, हातोडी मारली की घंटेसारखा वाजणारा. बारा मीटरच्या पुढे मशिनवरचा पोरगा ओरडला, "साहेब, पाणी लाल झालं." कांडी बाहेर काढून धुतली. काळ्या दगडाच्या अगदी तळाशी बोटाएवढ्या उभ्या नळ्या होत्या, आत पांढरं खनिज भरलेलं, आणि सगळ्या नळ्या एकाच बाजूला वाकलेल्या. लाव्हा ओल्या जमिनीवरून सरकला, खालची वाफ वर घुसली, आणि रस पुढे जात होता म्हणून नळ्या कलल्या. सहा कोटी वर्षांपूर्वी तो रस कोणत्या दिशेने चालला होता, ते त्या वाकलेल्या नळ्या सांगत होत्या. त्याच्याखाली वीतभर लाल थर, विटेच्या रंगाचा, नखाने ओरखडा निघेल असा. तो लाल थर म्हणजे आधीच्या प्रवाहावर तयार झालेली माती, कधी राख, जी वरच्या लाव्ह्याने भाजून काढली. तो दिसला की समजायचं, इथे ज्वालामुखी थांबला होता. किती वर्षं ते एका थरावरून सांगता येत नाही, पण माती धरण्याइतका काळ नक्की. आणि त्याच्याखाली पुढच्या, म्हणजे जुन्या प्रवाहाचा मांजऱ्या दगड, भोकाभोकांचा, प्रत्येक भोकात पांढरे स्फटिक आणि कडेने हिरवट पापुद्रा. हे स्फटिक झिओलाइट नावाच्या खनिजांचे. सिन्नरच्या गारगोटी संग्रहालयात याचे मोठमोठे नमुने आहेत. लेकीला एकदा नक्की न्या.

आता पुन्हा फुटेल का? दख्खनला रस पुरवणारी खालची तप्त जागा आपल्याखाली उरलेली नाही. भारताचा भूपट्ट उत्तरेला सरकत आला आणि ती जागा मागे राहिली. लक्षद्वीप, मालदीव, पुढे मॉरिशस अशी ज्वालामुखी खडकांची माळ दक्षिणेकडे तरुण होत जाते आणि आज तिच्या टोकाला रीयुनियन बेटावरचा पितों द ला फुर्नेझ धगधगतो आहे, ठाण्यापासून साडेचार हजार किलोमीटरहून जास्त दूर. 'निद्रिस्त' हा शब्द पुस्तकात वाचून लेकीला वाटेल की आपला ज्वालामुखी झोपला आहे. तसं नाही. झोपायला खाली शिलारसाचा साठा लागतो, तो इथे नाही. भारतात जागृत ज्वालामुखी एकच, बॅरन बेट. पोर्ट ब्लेअरपासून सुमारे १४० किलोमीटरवर, निर्मनुष्य. दीडशे वर्षांहून जास्त गप्प राहून तो १९९१ मध्ये जागा झाला आणि तेव्हापासून अधूनमधून चालू आहे.

आजींच्या गरम कुंडांचं म्हणाल तर वज्रेश्वरी, अकलोली, गणेशपुरी इथलं तानसा नदीकाठचं पाणी साधारण पन्नास अंशांच्या आसपास असतं. पावसाचं पाणी खडकातल्या खोल भेगांतून खाली जातं. कुठेही खणलं तरी दर किलोमीटरला तापमान पंचवीस-तीस अंशांनी वाढतं, त्यासाठी ज्वालामुखी लागत नाही. ते तापलेलं पाणी दुसऱ्या भेगेतून पटकन वर आलं की कुंड. कोकणात अशी कुंडं थेट राजापूरपर्यंत ओळीने आहेत, किनाऱ्याला समांतर भेगांच्या पट्ट्यात. नोव्हेंबर २०१८ पासून पालघरला, डहाणू-तलासरीकडे, जे छोटे धक्के बसत आले तेही भेगांचेच. तिथे शिलारसाची कोणतीही खूण नाही. आणि लोणारला ज्वालामुखीचं कुंड समजणारे अजून भेटतात, म्हणून सांगतो, ते बेसाल्टवर उल्का आदळून झालेलं आहे.

राहिला फ्लॅट. इथे ज्वालामुखी मेला तरी त्याने मागे ठेवलेले थर जिवंत माणसांना भोवतात. आपल्या पट्ट्यात हे थर बहुतेक ठिकाणी पश्चिमेला, समुद्राकडे, हलके कललेले आहेत. पनवेल-कल्याणच्या रेषेपासून जमीन वाकली आहे. घणसोली डोंगराच्या पश्चिमेला. म्हणजे तुमच्या बाजूने डोंगर कापला तर थरांचा कल कापलेल्या जागेकडे, तुमच्याकडे येतो. मध्ये लाल थर असेल तर पावसाचं पाणी त्याच्यावर साचतं, तो साबणासारखा होतो आणि वरचा घट्ट दगड घसरायला वाट मिळते. कल किती, लाल थर कुठे, दगडातल्या उभ्या चिरा किती जवळ, यावर सगळं आहे. दोनशे मीटरवरच्या दोन प्लॉटची उत्तरं वेगळी येतात, म्हणून इथे बसून मी तुम्हाला घ्या किंवा घेऊ नका असं सांगणार नाही. १९ जुलै २०२३ च्या रात्री इर्शाळवाडीवर जे आलं, ते याच लाव्ह्याच्या डोंगराचं पावसाने सुटलेलं अंग होतं. सुरुवातीच्या वर्षांत मी स्वतः एका पायाला 'दगड लागला, इथे थांबा' असं लिहून दिलं होतं. पुढे खोदाईत त्या दगडाच्या दोन फूट खाली लाल थर निघाला. कांडीतला तेवढा तुकडा वाहून गेला होता आणि मी रिकाम्या जागेकडे दुर्लक्ष केलं. पाया आणखी खाली न्यावा लागला. तेव्हापासून पेटीतली रिकामी जागा मी आधी बघतो.

बिल्डरकडे सॉइल रिपोर्ट मागा आणि त्यात बोअरचे तक्ते बघा. 'रेड बोल' (म्हणजे वर सांगितलेला लाल थर) किंवा 'टफ' (म्हणजे राखेचा दगड) असा शब्द असेल तर तो किती खोलीवर आहे ते विचारा आणि पाया त्याच्या खाली गेला का तेही. इमारतीमागे डोंगर कापलेला असेल तर भर पावसात एकदा जा. कापलेल्या भिंतीवर आडव्या ओळीत पाणी झिरपताना दिसलं तर ती ओळ कोणत्या थराची ते भूशास्त्रज्ञाकडून तपासून घेतलं आहे का, हे लेखी मागा. संरक्षक भिंतीला पाणी निघायची भोकं हवीत आणि ती वाहती हवीत.

आणि लेकीला दगड दाखवायचा असेल तर बंद खाणीत नेऊ नका. तिथल्या पाण्याचा अंदाज येत नाही आणि दरवर्षी पोरं बुडतात. रस्त्यासाठी कापलेला एखादा सुरक्षित कडा पाऊस संपल्यावर, सकाळच्या उन्हात बघा. सोबत पाण्याची बाटली आणि दहा पट मोठं दाखवणारं भिंग घ्या. दगड ओला केला की भोकं आणि स्फटिक उठून दिसतात. थराच्या तळाशी वाकलेल्या नळ्या सापडल्या तर होकायंत्र लावून दिशा वहीत लिहायला सांगा, आणि मला कळवा.